तोंडाला लावायच्या मलमाची मिसल

गंगाखेडच्या तहसील कचेरीत दिनकरराव अठरा वर्षं कारकून होते. या अठरा वर्षांत त्यांनी कुणाचा पानाचा विडासुद्धा फुकट खाल्ला नाही, कुणाचा कागद दाबून ठेवला नाही, आणि उर्दू अशी सुरेख लिहायचे की परभणीचे मोठे साहेब त्यांच्या कागदावर सही करायच्या आधी तो दोनदा वाचत. असा माणूस गोत्यात येतो तेव्हा त्यानं काहीतरी मोठा गुन्हा केला असेल असं तुम्हाला वाटणार. गुन्हाबिन्हा काही नाही. त्यांनी एक अर्ज दिला. कुणी मागितला नव्हता, कुणाला नको होता, तरी दिला. आता त्याला कोण काय करणार.

गोष्ट फसली तेराशे अठ्ठेचाळीसची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीस सरता सरताची. थंडी मरणाची होती. गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, वारा आला की माणसाचे ओठ आधी फुटत आणि मग तो बोलायला लागे. त्या थंडीत तहसीलदारसाहेबांच्या मुलाचा बिस्मिल्लाचा, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायचा, समारंभ झाला, आणि कचेरीतल्या सगळ्यांच्या बायकांना पानसुपारीला बोलावणं गेलं. दिनकररावांच्या सुमनबाई गेल्या. तिथं बेगमसाहेबांनी आपल्या आरशापुढची पांढरी डबी उघडली आणि त्यातला बोटभर स्नो प्रेमानं सुमनबाईंच्या गालाला लावला. झालं ते एवढंच. पण तो गाल दोन दिवस मऊ राहिला, आणि दुसरा, चुलीकडचा म्हणा, तसाच खरखरीत. सुमनबाई दोन दिवस एकदा या गालाला आणि एकदा त्या गालाला हात लावत स्वयंपाक करत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की मला तसली डबी पाहिजे. चौदा वर्षांच्या संसारात या बाईनं काही मागितलं नव्हतं. एकुलता एक मुलगा शिकायला परभणीला ठेवला तेव्हासुद्धा फक्त डोळे पुसले. आता मागितलं त्याला कारण होतं. माघात बोरीला त्यांच्या भाचीचं लग्न. सुमनबाई सख्खी आत्या, आत्याचा मान घ्यायला पुढं उभं राहावं लागणार. आणि तिथं कमलबाई असणार, म्हणजे त्यांची मोठी भावजय, नवरीची आई, माहेर औरंगाबादचं. मागच्या लग्नात या कमलबाईंनी बायकांच्या घोळक्यात सुमनबाईंच्या गालावरून हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, "वन्सं, चुलीपुढं बसून बसून तोंडाचं पार खापर करून घेतलंव की." सगळ्या हसल्या. सुमनबाईसुद्धा हसल्या. ती गोष्ट त्यांनी नवऱ्याला सहा वर्षांनी, आत्ता सांगितली.

दिनकरराव तसे भाबडे, पण दगड नव्हते. त्यांना ते लागलं. लग्नाच्या आत डबी तुझ्या हातात देतो, असा शब्द त्यांनी दिला आणि दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या एका कारकुनाला, जो हैदराबादला निघाला होता, हळूच बाजूला घेऊन डबी आणायला सांगितली. त्या भल्या माणसानं हैदराबादला जायचं रद्द केलं आणि दिनकररावांना तोंडाला लावायला स्नो पाहिजे ही बातमी मात्र सगळ्या कचेरीत पोचवली. चपराशीसुद्धा त्यांच्या गालाकडं बघून सलाम करायला लागला. तेव्हा दिनकररावांनी ठरवलं की आता कुणापुढं तोंड वेंगाडायचं नाही. असतं काय त्या डबीत? मेण, तेल आणि वास. घरीच करू.

घरी करू म्हणणाऱ्या माणसाला आपल्याकडं सल्ल्याची ददात पडत नाही. पहिला सल्ला किराण्याच्या दुकानवाल्या राधाकिशनचा. त्यानं मधाचं मेण दिलं, बदामाचं तेल दिलं, आणि दोन्ही सारखं घेऊन कढवा म्हणून सांगितलं. दिनकररावांनी कढवलं. गार झाल्यावर त्यात चमचा उभा राहिला तो निघेना. सुमनबाईंनी खुरपं आणलं. शेजारच्या कडूबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. त्या आल्या, गोळा हातात घेऊन दाबून पाहिला, आणि आपल्या गळक्या रांजणाच्या चिरेत भरायला घेऊन गेल्या. तो रांजण त्यानंतर कधी गळला नाही, हे सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या खेपेला त्यांनी तेल वाढवलं. मलम झालं, पण पातळ. बायकोवर प्रयोग कसा करायचा म्हणून दिनकररावांनी ते स्वतःच्या तोंडाला चोपडलं आणि तसेच कचेरीत गेले. बाजाराच्या दिवशी आमच्या गंगाखेडला बैलगाड्यांची धूळ किती उडते ते तुम्हाला माहीत नसेल. कचेरीच्या पायऱ्या चढेपर्यंत त्यांच्या तोंडावर तिचा थर बसला. तहसीलदारसाहेबांनी मान वर केली, बराच वेळ बघितलं, आणि तब्येत बरी नसेल तर घरी जा म्हणाले. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना साहेबानं घरी पाठवलं. वाटेत माश्या सोबतीला होत्या.

मग कडूबाईंनी आपला सल्ला काढला. शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप. तांब्याच्या ताटात तूप घ्यायचं, पाणी घालायचं, वाटीच्या बुडानं घोटायचं, पाणी ओतायचं, पुन्हा घालायचं, असं शंभर वेळा. तूप लोण्याहून पांढरं होतं, तोंडाला लावलं तर पोराच्या गालासारखं होतंय तोंड, असं त्या म्हणाल्या. हे काम दिनकररावांना जमण्यासारखं होतं. ते पाटावर बसले, प्रत्येक पाण्याला भिंतीवर गेरूची एक रेघ ओढू लागले. त्रेसष्टाव्या पाण्याला बाहेरून भुजंगरावांनी हाक मारली. भुजंगराव म्हणजे तहसीलदारसाहेबांचे पेशकार, दिनकररावांचे जुने स्नेही. दोन मिनिटं बोलून परत आले तर शेवटची रेघ ओढली होती की नव्हती हे आठवेना. दुसरा कुणी असता तर पुढं गेला असता. दिनकररावांनी भिंत पुसली आणि पहिल्यापासून धुतलं. कागदावर खोटं लिहायचं नाही तसंच भिंतीवरही नाही.

त्यात थोडं मेण, थोडं बदामाचं तेल घातलं, आणि खरंच सांगतो, मलम झकास झालं. पांढरंशुभ्र, मऊ. फक्त त्याला तुपाचा वास होता. सुमनबाईंनी ते लावलं तर शेजारचं मांजर दिवसभर त्यांच्या मागं फिरलं. लग्नात मांजर नको म्हणून वास घालायचं ठरलं. राधाकिशननं गुलाबाच्या अत्तराची शिशी दिली. तिला घासलेटचा वास येत होता. अस्सल अत्तराला आधी तसाच वास येतो, असं त्याचं म्हणणं पडलं. दिनकररावांनी शिशी परत केली, आणि तेव्हाच त्यांच्या डोक्यात आलं की गुलाबाचं तेल आपणच काढावं. स्टेशनमास्तरांच्या बागेत गुलाब होते. माणसाला थांबायचं कुठं ते कळलं असतं तर या गोष्टीला दोन पानं कमी लागली असती.

गुलाबाचं तेल काढायला भबका लागतो. तांब्याचं मोठं भांडं, वर झाकण, झाकणातून निघालेली कळकाची नळी, नळीचं दुसरं तोंड गार पाण्यात ठेवलेल्या चंबूत. असलं भांडं कुठं मिळणार, असं दिनकरराव दारात उभे राहून बोलले, आणि ते आश्रुबानं ऐकलं. आश्रुबा गंगेपलीकडचा कुणबी, रोज सकाळी दूध घालायचा. दुधात गंगा किती आणि म्हैस किती हा प्रश्न आम्ही त्याला विचारत नसू.

"आमच्याकडं हाय की भबका, मालक. आज्याच्या टायमाचा हाय," आश्रुबा म्हणाला.

दिनकररावांनी विचारलं, तू काय करतोस त्याचं. तर म्हणाला, औषध काढतो, थंडीवर. आता पलीकडच्या काठाला मोहाची झाडं किती, आणि तिथल्या माणसांना थंडी वर्षाचे बारा महिने कशी वाजते, हे गंगाखेडात लहान लेकरालाही ठाऊक होतं. दिनकररावांनी मान डोलावली आणि त्याच्या आजाच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं.

भबका आला. आणि इथं अर्ज आला. झालं असं, की आदल्याच वर्षी आबकारी खात्याची, म्हणजे दारूबंदोबस्ताच्या खात्याची, नोटीस तालुक्यातल्या चावडीचावडीवर लागली होती. परवानगीशिवाय कुणीही भबका लावू नये. त्या नोटिशीच्या चाळीस नकला दिनकररावांनी स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या. चाळीस वेळा लिहिलेली गोष्ट अंगात भिनते. भबका परसात पालथा पडलेला, गुलाब तोडायचे बाकी, आणि हा गृहस्थ बैठक मारून सुरेख उर्दूत अर्ज लिहितोय. घरगुती उपयोगासाठी, चेहऱ्यास लावण्याच्या मलमाकरिता, दोन टोपल्या गुलाबाचा अर्क काढावयाचा आहे. सोबत तांब्याचा भबका एक, कळकाची नळी एक. सरकारची हरकत आहे किंवा कसे, याचा खुलासा व्हावा.

भुजंगरावांनी तो अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिनकरराव, सरकारला प्रश्न विचारायचा नसतो. सरकारला प्रश्न पडला की ते आपन होऊन येतंय," ते म्हणाले. "फाडा हे."

पण तोवर दिनकररावांनी त्याच्यावर नंबर टाकला होता. नंबर पडलेला कागद फाडणं त्यांना शक्य नव्हतं. तुम्ही आम्ही फाडला असता. अर्ज आबकारीकडं गेला. आबकारीनं लिहिलं, मलम ही दवा असल्यास दवाखान्याचं मत घ्यावं. दवाखान्यानं लिहिलं, अर्जदारानं रोगाचं नाव दिलेलं नाही, सबब त्याच्या पत्नीच्या चेहऱ्यास कोणता रोग आहे याची कैफियत मागवावी. आता कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद दिनकररावच लिहीत. तेव्हा आपल्या बायकोच्या तोंडाला काय रोग आहे असं स्वतःला विचारणारं पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं, जावकात नोंदवलं, घडी घातली, चपराश्याकडून स्वतःच्या टेबलावर मागवून घेतलं, आणि आवकात नोंदवलं. चपराशी ते पत्र घेऊन टेबलाला वळसा घालून आला तेव्हा सगळी कचेरी खाली मान घालून बसली होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं त्यांना. उत्तरात त्यांनी लिहिलं, "रोग नाही. थंडी आहे."

त्यानंतर मिसल, म्हणजे तो कागदांचा गठ्ठा, गप झाली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. भबका परसात तसाच. सुमनबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, सरकारचं उत्तर आलं का. मग विचारायच्या बंद झाल्या. माघ लागला. बोरीहून मुराळी निघाल्याचा निरोप आला, माहेरवाशिणीला न्यायला तिचा चुलतभाऊ मुंजाजी सोमवारी पोचणार. त्या दिवशी जेवताना सुमनबाई ताटात वाढता वाढता सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"राहू द्या तुमी. मी पदर तोंडावर घेऊन मागंच बसते. आत्या काय, मागं बसली तरी आत्याच राहती."

दिनकरराव ताटावरून उठले. सरकारनं उत्तर दिलं नाही म्हणजे परवानगी दिली असं होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण शुक्रवारी, कचेरीच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळीच ते दोन टोपल्या गुलाब घेऊन आले आणि परसात चूल मांडली. आयुष्यातलं पहिलं बेकायदा काम करताना त्यांनी आंघोळ करून धूतवस्त्र नेसलं होतं.

झाकणाची फट कणकेनं लिंपायची असते हे आश्रुबानं सांगितलं होतं. किती जाड लिंपायची ते सांगितलं नव्हतं. भांडं तापलं, एका अंगाची कणीक सुटली, आणि वाफेचा झोत दिनकररावांच्या डाव्या हातावर आला. हात पोळला. पण त्यांनी उजव्या हातानं दुसरी कणीक दाबली, जागचे हलले नाहीत. कडूबाई भिंतीपलीकडून हाताला काय काय लावायचं ते सांगत होत्या. त्यांच्या यादीत शेण होतं, मध होता, कोंबडीचं अंडंही होतं. तिसऱ्या प्रहरी चंबूत गुलाबपाणी जमलं, आणि वर तेलाचा इतका पातळ तवंग की बघायला वाकलं तर श्वासानं हलत होता. दोन टोपल्यांचं तेल तेवढंच. ते कापसाच्या बोळ्यानं टिपलं, मलमात पिळलं, वर थोडं गुलाबपाणी घातलं आणि फेटलं.

वास घेतला. गुलाब होता. गुलाबाच्या मागं आणखी काहीतरी होतं, जड आणि गोडसर, आश्रुबाच्या आजाच्या टायमाचं. त्या तांब्यात तीन पिढ्यांची थंडी मुरलेली होती, ती दोन टोपल्या गुलाबानं कुठं जाते?

पण मलम सुरेख झालं होतं. लोणच्याच्या चिनी मातीच्या बारक्या डबीत ते भरलं आणि दिनकररावांनी डबी बायकोच्या हातात दिली. सुमनबाईंनी बोटानं घेतलं, दोन्ही गालांना लावलं, आरशात बघितलं, मग डोळे मिटून वास घेतला आणि खुदकन हसल्या. म्हणाल्या, वास जरा पाटलाच्या वरातीसारखा हाय, पण लय मऊ हाय. आणि मग नवऱ्याचा पोळलेला हात हातात घेऊन फुंकर घालत बसल्या. दिनकररावांना वाटलं, झालं ते चांगलं झालं. डबी लग्नाच्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत गेली.

सरकारचं उत्तर शनिवारी सकाळी आलं. ते चालत आलं. आबकारीचे इन्स्पेक्टर, बरोबर दोन जवान. इन्स्पेक्टर वयानं पिकलेला, नमाजी, बोलायला मऊ माणूस होता. तुमचा अर्ज वर गेला होता, वरून जागेची पाहणी करायचा हुकूम आलाय, असं त्यांनी अजिजीनं सांगितलं. दिनकरराव त्यांना परसात घेऊन गेले, कारण लपवायचं असतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. इन्स्पेक्टरांनी भबका बघितला आणि जुना मित्र भेटावा तसे त्याच्यापाशी उकिडवे बसले. बुडाला एक पोचा होता, त्याच्यावरून बोट फिरवलं.

"दिनकररावसाब, इस डेग को मैं दो साल से ढूंढ रहा हूं," ते म्हणाले. "ये है किसकी?"

आश्रुबा तेव्हा दुधाची चरवी घेऊन दारातच उभा होता. त्याचं तोंड चरवीतल्या दुधाहून पांढरं पडलं. घरात दोन म्हशी, चार लेकरं, आणि जवानांचे दंडुके. दिनकररावांनी एकदा त्याच्याकडं बघितलं.

"मेरी है साब," ते म्हणाले. "वालिद के जमाने की."

अठरा वर्षांच्या नोकरीत, आणि त्याआधीच्या सव्वीस वर्षांत, हा माणूस पहिल्यांदा खोटं बोलला. त्यांचे वडील बिचारे देवळात पुराण सांगणारे पुराणिक होते, चहाही घेत नसत. इन्स्पेक्टरांना सगळं कळलं. पण कबुली मिळाली की ती लिहावी लागते. पंचनामा झाला. पंच म्हणून कडूबाईंना बोलावलं आणि त्यांनी विचारलं त्याच्याहून जास्त सांगितलं: दोन महिने झालं काय ना काय शिजवायलेत, मागं एकदा तोंडाला फासून कचेरीत गेले अन् साहेबानं हाकलून दिलं, काल तर हात भाजला तरी चुलीपसून उठले न्हाईत. कागदावर ते असं काही उतरलं की दिनकररावांनाच वाचून स्वतःची काळजी वाटली. मग इन्स्पेक्टरांनी विचारलं, माल कुठंय. ट्रंक उघडली. डबी बाहेर आली. त्यांनी झाकण काढून हुंगलं, जवानाला हुंगायला दिलं, पुन्हा स्वतः हुंगलं. गुलाब भी है, मोह भी है, असं लिहून घेतलं आणि तपासणीसाठी जप्त करतो म्हणाले.

आतल्या दाराआड सुमनबाई उभ्या होत्या. परक्या पुरुषापुढं त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या बोलल्या.

"साहेबाला म्हणावं, तेवढी डबी ऱ्हाऊ द्या. लग्नाहून आले की मी आपल्या हातानं आणून देते."

इन्स्पेक्टरांनी मान खाली घातली. कायदा आहे, बहन, असं काहीतरी पुटपुटले आणि लाख वितळवून डबीवर मोहोर केली. भबका जवानांनी खांद्यावर घेतला. दिनकररावांवर चौकशी बसली, ती पुरी होईस्तोवर रजा बंद, म्हणजे लग्नालाही जाता येणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावात दिनकररावांची दारूभट्टी पकडल्याची बातमी पसरली होती, आणि दोनचार जण, ज्यांनी आजवर त्यांना कधी राम राम केला नव्हता, ते सलगीनं खांद्यावर हात ठेवून गेले.

सोमवारी मुंजाजी आला. सुमनबाई गेल्या. स्टेशनवर दिनकररावांनी ट्रंक गाडीत चढवून दिली. शब्द दिला होता, पाळता आला नाही. गाडी सुटली तेव्हा सुमनबाई खिडकीतून एवढंच म्हणाल्या की हाताला तेल लावत जा. दिनकरराव घरी येऊन एकटेच पाटावर बसले. भिंतीवर गेरूच्या शंभर रेघा होत्या. त्यांना भयंकर थकवा आला. कचेरीच्या कामाचा थकवा झोपेनं जातो. हा तसला नव्हता. त्यांनी मनाशी शपथ घेतली की पुन्हा या घरात मीठसुद्धा परवानगीच्या भानगडीशिवाय मिळेल तेवढंच खायचं, आणि मलमाचं नाव काढायचं नाही.

इकडं मिसल फिरत होती. गंगाखेडहून परभणी, परभणीहून हैदराबाद, आणि परत. सरकारी मिसल इतक्या चपळाईनं फिरलेली आमच्या तहसिलीत कुणी पाहिली नव्हती. महिन्याभरात परत आली, सोबत डबी. मोहोर फोडलेली. दिनकररावांनी झाकण काढलं आणि त्यांना चपळाईचं कारण कळलं. प्रत्येक कचेरीत तपासणी झाली होती, आणि ती बोटानं झाली होती. डबीच्या बुडाशी, कडेला, नखावर मावेल एवढं मलम उरलेलं. बाकी सगळं परभणीच्या आणि हैदराबादच्या साहेबलोकांच्या गालांवर, किंवा त्यांच्या बायकांच्या.

हुकूम चार ओळींचा होता. सदर वस्तू दारू नाही. दवाही नाही. असल्या वस्तूसाठी गुलाबपाणी काढावयास परवानगीची गरज नसून अर्ज अनावश्यक होता. भबका मात्र अर्जदाराच्या कबुलीप्रमाणे जुना व वापरलेला दिसत असल्यानं मोडीत काढावा आणि अर्जदारास ताकीद द्यावी. समासात कुणीतरी पेन्सिलीनं जोडलं होतं की नमुना अपुरा पडला, दुसरा पाठवावा, मोठ्या डबीत. ती ताकीद दिनकररावांनी स्वतःच्याच अक्षरात स्वतःला लिहिली.

चार दिवसांनी सुमनबाई परत आल्या. दिनकरराव दारातच उभे होते, आणि त्यांना पहिल्यांदा दिसलं ते तोंड. गाल तुकतुकीत. त्यांना वाटलं, कमलबाईंनी आपला स्नो दिला असणार. त्यांनी मान वळवली. सुमनबाईंनी पाय धुतले, पाणी प्याल्या, आणि मग लग्नाचं सांगत बसल्या. मागं बसायची पाळी आलीच नाही, म्हणाल्या. पहिल्याच दिवशी कमलवैनीनं गालाला हात लावला आणि तसाच ठेवला. कोणता स्नो हा म्हणून विचारलं. सगळ्या बायका गोळा झाल्या.

"मग तू काय सांगितलंस?" दिनकररावांनी विचारलं.

"सांगितलं, आमच्यांनी केलाय. घरी."

"अगं, डबी तर हैदराबादला होती."

"होती की. ते तिकडच्यांना कुटं ठावं? मी साय लावली होती. आश्रुबाच्या दुधाची."

आणि मग उलगडा झाला. भबक्याच्या दिवसापासून आश्रुबा दुधात पाणी घालायचा बंद झाला होता. मालकानं माझा भबका आपल्या अंगावर घेतला, मी मालकाला पाणी कसं पाजू, असं तो कडूबाईंपाशी रडला होता. दोन दिवस त्या दुधावर बोटभर साय आली, घरात कधी बघितली नव्हती अशी. सुमनबाईंनी ती गोळा करून पितळी डबीत बोरीला नेली, आणि संपल्यावर बोरीच्या म्हशींची काढली.

"मग साय म्हणून सांगायचं व्हतं," दिनकरराव म्हणाले. "खोटं कशाला बोलायचं माझ्यापायी?"

"तुमी आश्रुबापायी बोललाव तेव्हा म्या इचारलं का?" सुमनबाई म्हणाल्या. "साय कुनीबी लावतंय. बायकोसाठी हात भाजून घेतंय कोन, ते सांगू द्या की मला चार बायकांत."

त्यांनी कोनाड्यातली डबी बघितली, झाकण काढलं, बुडाशी उरलेलं ते नखभर मलम बोटानं निपटलं. दिनकररावांना वाटलं गालाला लावतील. त्यांनी नवऱ्याचा डावा हात ओढला आणि पोळल्याच्या डागावर ते चोळलं, शेवटचं उरलंसुरलं पुसून. सरकारच्या तपासणीतून वाचलेलं सगळं तिथं संपलं.

मग त्यांनी ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घडीतून एकेक करून डब्या काढल्या आणि दिनकररावांच्या पुढं मांडल्या. काचेच्या, चिनी मातीच्या, एक चांदीची कुंकवाची. सात. सगळ्या रिकाम्या. ही मावशीची, ही जाऊबाईच्या बहिणीची, आणि ही चांदीची, सगळ्यांत मोठी, कमलवैनीची. चैत्राच्या आत पाठवते म्हणून सांगितलंय मी, म्हणाल्या.

दिनकररावांनी त्या सात डब्यांकडं बघितलं. हातावरचं मलम अजून गार लागत होतं. शपथ आठवली, इन्स्पेक्टर आठवले, टेबलाला वळसा घालून आलेला चपराशी आठवला. ते काही बोलायला गेले.

"फकस्त अर्ज देऊ नका," सुमनबाई म्हणाल्या आणि चुलीकडं गेल्या.

दिनकररावांनी एक मोठा सुस्कारा सोडला. मग उठून तांब्याचं ताट काढलं, तूप घेतलं, ओल्या फडक्यानं भिंत पुसली, आणि पाणी ओतून गेरूची पहिली रेघ ओढली.